एक जूनच्या मुली

डहाणूत बास्केटबॉल शिकवते असं सांगितलं की बाहेरचे लोक आधी "तिकडे बास्केटबॉल आहे?" असं विचारतात आणि मग चिकूच्या भावाची चौकशी करतात. चिकूतलं मला काही कळत नाही. बास्केटबॉलमधलं थोडंफार कळतं. मुंबईच्या कॉलेजकडून तीन वर्षं खेळले, मग गावी परत येऊन एकतीस वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडाशिक्षिका म्हणून काढली आणि ह्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. संपादकांनी आठवणी लिहायला सांगताना पदकांची यादी नको अशी अट घातली. यादी लहानच असल्यामुळे मला ती अट मानवली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूला पाच जणी, चेंडू हाताने आपटत न्यायचा आणि दहा फुटांवरच्या लोखंडी कडीतून खाली पाडायचा. चेंडू हातात धरून चालायचं नाही. थांबलात की एक पाय जमिनीला खिळवून ठेवायचा, दुसऱ्या पायाने हवं तेवढं फिरा. हा खिळलेला पाय शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. उरलेली अर्धी, समोरच्या मुलीच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे न बघता कमरेकडे बघायला शिकवण्यात. हात आणि डोळे खोटं बोलतात, कमर जिकडे वळते तिकडेच मुलगी जाते.

मी रुजू झाले तेव्हा कॉलेजात कोर्ट नव्हतं. मागच्या बाजूला भाताच्या खळ्यासारखी सारवलेली जागा होती, तिथे दोन निलगिरीचे खांब पुरले आणि वर्गातले जुने फळे उलटे करून बोर्ड म्हणून ठोकले. कड्या करून आणायला मी चारोटीला ट्रकच्या बॉडी जोडणाऱ्या एका वेल्डरकडे गेले. माणूस कामाला चोख. त्याने चेंडू ठेवून घेतला, म्हणाला, माप लागेल. आठ दिवसांनी कड्या आल्या त्या चेंडूपेक्षा जेमतेम दोन बोटं मोठ्या. मी म्हटलं, अहो, खरी कडी याच्या जवळपास दुप्पट असते. तो मनापासून दुखावला. म्हणाला, मॅडम, एवढी ढिली कशाला, चेंडू बसला पाहिजे ना नीट. त्या दोन बोटांच्या कड्यांवर आम्ही एक अख्खा हंगाम सराव केला. तालुक्याच्या सामन्यात मुलींनी खरी कडी पाहिली तेव्हा त्या एकमेकींकडे बघून हसायलाच लागल्या. त्या वर्षी आमच्यासारखी नेमबाजी तालुक्यात कोणाची नव्हती. पुढे मी रीतसर कड्या आणल्या, पण वेल्डरला हे कधी सांगितलं नाही.

संघात बारा मुली असतात. पाच खेळतात आणि सात बाकावर बसतात. प्रेक्षकांचं लक्ष पाचांवर असतं. कोचचं खरं काम सातांपाशी असतं, कारण कोणाला कधी उठवायचं आणि कोणाला बसवून ठेवायचं हे तिच्याशिवाय कोणी ठरवत नाही. त्या निर्णयाचं स्पष्टीकरण ती कुणाला देत नाही. ह्याची मला एके काळी फार ऐट होती. आज लिहायचं आहे ते एका मुलीला बसवून ठेवल्याबद्दल.

त्याआधी एक जूनविषयी सांगायला हवं. शहरातल्या वाचकांना हे गमतीचं वाटेल, पण आमच्या भागातल्या एखाद्या जुन्या शाळेचं हजेरीपुस्तक उघडून पाहा, निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला असतो. पाड्यावरच्या घरी बाळंतपण व्हायचं, कागद व्हायचा नाही. मूल शाळेत आलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आई सांगायची, पेरणी चालली होती, किंवा कोंबड्यांवर रोग आला होता त्या साली. पेरणी आणि कोंबड्या रजिस्टरात लिहिता येत नाहीत. मग गुरुजी मुलाकडे बघून अंदाज करायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून लिहून टाकायचे. पुढे दहावीच्या सर्टिफिकेटावर तेच, नोकरीत तेच, आणि निवृत्तीही त्याच तारखेने. माझी स्वतःचीसुद्धा नोंद एक जूनचीच. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, तलासरी आणि डहाणू तालुक्यांत बदल्या घेत फिरले. त्यांनी आयुष्यात किती एक जून लिहिले असतील त्याची गणती नाही. आमच्या घरी तो चेष्टेचा विषय होता. गौरी जेवतात त्या दिवशी मी जन्मले हे सगळ्यांना माहीत होतं, तरी बाबा दरवर्षी एक जूनला मला मुद्दाम शुभेच्छा द्यायचे.

शालेय स्पर्धांत वयोगट असतात, म्हणून ह्या तारखेला आमच्या धंद्यात फार वजन. एखादी मुलगी वयाने मोठी वाटली तर समोरच्या कोचला लेखी आक्षेप घेता येतो. मी ह्या आक्षेपांबद्दल प्रसिद्ध होते. एकदा जिल्ह्याच्या सामन्याआधी मी एका संघाचे दाखले मागवले, दोन मुलींच्या दाखल्यांवर खाडाखोड सापडली आणि दोघींना बाहेर बसावं लागलं. त्या मैदानाच्या कडेला रडत होत्या. मी त्यांच्या कोचला नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. इतर शाळांतले शिक्षक मला मागून 'कागदवाल्या मॅडम' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

रंजना माझ्याकडे आली ती ह्यानंतर दोन वर्षांनी. आज त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, आमचा जिल्हा ठाणेच होता. रानशेतच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी, अकरावीला आली तेव्हा बास्केटबॉल हा शब्दही तिने ऐकला नव्हता. उंची बेताची. पण पाय असे, की समोरची मुलगी वळायच्या आत ही तिच्या वाटेत उभी. कमरेकडे बघायला तिला शिकवावं लागलं नाही. कसं जमतं म्हणून विचारलं तर म्हणाली, बकऱ्या वळवताना तेच बघावं लागतं. वर्षभरात ती आमचा संघ चालवायला लागली. चेंडू कोणाकडे द्यायचा, कधी थांबायचं हे ती ठरवायची आणि मी बाकाजवळ उभी राहून माझ्यामुळेच चाललं आहे असा चेहरा करायचे.

तिला पोलिसात जायचं होतं. कारण विचारलं तर तिने एक जुनी गोष्ट सांगितली. लहानपणी आईबापाबरोबर ती वीटभट्टीवर जायची. तिथे काही भांडण झालं आणि सगळ्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. तिथे एक बाई शिपाई खुर्चीवर बसून लिहीत होती आणि एरवी सगळ्यांवर ओरडणारा मुकादम तिच्यासमोर हात बांधून उभा होता. रंजनाने ते पाहिलं आणि ठरवलं. भरतीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात. त्यासाठी राज्य पातळीवर खेळून नंबर काढावा लागतो. एकदा का आमचा संघ विभागातून पुढे गेला, की राज्यात पहिल्या तिघांत येण्याइतकी ताकद आमच्यात आहे असं मला वाटत होतं. मी तिला तसं सांगितलंही होतं. बारावीत ती त्याच एका गोष्टीमागे लागली. सकाळी पाड्यावरून चालत येऊन पहिली गाडी धरायची आणि सराव सुरू व्हायच्या आधी एकटी नेम धरत उभी असायची.

तालुका झाला, जिल्हा झाला, विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत आम्ही पोचलो. सामना मुंबईला होता. तो जिंकला तर राज्य, म्हणजे बाहेरगावी आठ दिवस. त्यासाठी पालकांची संमती घ्यायला मी घरोघर फिरले. रंजनाच्या घरी गेले तेव्हा भातकापणी झाली होती, तिची आई अंगणात सूप घेऊन बसली होती. मी बोलता बोलता म्हटलं, एवढ्या लहान वयात फार समज आहे तुमच्या मुलीला.

"लहान कुठं हाय, बाय?" आई म्हणाली. "ती समोरची बोरिंग बघा. तिचं पयलं पाणी निघालं तवा ही चार दिसांची होती. त्याच पाण्यानं न्हाणवली मी तिला."

निघताना मी त्या हातपंपावर पाणी प्यायले. ओट्याच्या सिमेंटवर, ते ओलं असताना, कोणीतरी काडीने साल कोरून ठेवलं होतं. मी ते दोनदा वाचलं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे रंजना ह्या पंपापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. पंप खरा असेल तर एकोणीस वर्षांखालच्या गटात ती बसत नव्हती.

आईला मी काही बोलले नाही, रंजनालाही नाही. सरळ आशागडला बाबांकडे गेले, कारण त्या पाड्यावरची शाळा ही त्यांची शेवटची नेमणूक होती. बाबा तेव्हा सत्तरीला टेकलेले, ओट्यावर बसून भिंग धरून पेपर वाचत होते. रंजनाची तारीख तुम्ही लिहिली का, असं विचारलं. ते म्हणाले, त्या पाड्यावरच्या सगळ्यांची मीच लिहिली. मी म्हटलं, दोन वर्षांनी चुकली आहे.

"चुकली नाही," बाबा म्हणाले. "आठ वर्षांची पोर पहिलीत बसवायची तर साहेब विचारणार, आजवर कुठे होती? बापाला तारीख विचारली तर म्हणाला, गुरुजी, तुम्हाला बरी वाटेल ती घाला. पोर शाळेत बसेल अशी तारीख मी घातली."

मी त्यांच्यावर चिडले. तुमच्या एका ओळीमुळे मी आता खोट्यात सापडले, असं काहीतरी बोलले. ज्या नियमासाठी मी दुसऱ्यांच्या मुलींना बाहेर काढलं, तोच आता मी मोडू का, असंही विचारलं. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, तुझ्याकडे दाखला आहे, त्यावर शिक्का आहे, कोच म्हणून तेवढं बघणं तुझं काम, त्याच्या मागे जाऊ नकोस. मी म्हटलं, मला कळलंय त्याचं काय करू? त्यावर त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपर उचलला. माझ्या मुद्द्याला उत्तर नाही म्हणून गप्प बसले असं मी समजले.

सामन्याच्या दिवशी मी रंजनाला बसवून ठेवलं. संघाला सांगितलं, तिचा पाय दुखावलाय. रंजनाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पायांकडे. मुलींना काही उमजेना, पण मॅडम म्हणाल्या म्हणजे असेल, असं मानून त्या खेळायला उतरल्या. पूर्ण संघानिशी आम्ही तो सामना आरामात जिंकला असता. तिच्याशिवायही आम्ही शेवटपर्यंत दोन-तीन गुणांच्या अंतरात होतो. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मी टाइमआउट घेतला. रंजनाने न सांगता ट्रॅकसूटचं जाकीट काढलं आणि मांडीवर ठेवून बसली. नुसती मान हलवायची होती मी. मी फळीवर खडूने काहीतरी आखत राहिले, काय आखलं ते मला आजही आठवत नाही. आम्ही तीन गुणांनी हरलो.

परतीच्या वाटेवर गाडी चहाला थांबली. बाकीच्या मुली उतरल्या, रंजना बसून राहिली. मला म्हणाली, मॅडम, माझा पाय बरा हाय. मग मी तिला सगळं सांगितलं. बोरिंगचं, बाबांचं, नियमाचं. नियम सगळ्यांना सारखे असतात, आपण खोटेपणा करून जिंकलो तर त्या जिंकण्याला काय अर्थ, असं बरंच बोलले. चांगलं दहा मिनिटं भाषण दिलं मी. ती खिडकीबाहेर बघत होती.

"भट्टीवर कामाला मला मोठी धरत होते," ती म्हणाली. "शाळेत लहान धरली. आता तुमी परत मोठी धरली. मला कोणी विचारलं का, मॅडम?"

निदान सामन्याआधी तिला खरं सांगायला हवं होतं, ही माझी पहिली चूक. पायाचं खोटं कारण ही दुसरी, कारण खोटं बोलायचं नाही म्हणून तर मी तिला बसवलं होतं. आणि बाकीच्या अकरा जणींचं राज्यही त्यात गेलं, त्यांना तर मी काहीच विचारलं नाही. माझ्या लक्षात हे सगळं सावकाश आलं. तेव्हा एवढंच केलं, की त्यानंतर मी कधीही कोणाविरुद्ध आक्षेप घेतला नाही. लोकांना वाटलं मॅडम वयाने निवळल्या.

रंजना बारावी झाली. पोलीस भरतीला दोनदा उभी राहिली, एकदा धावण्यात थोडक्यात राहिली आणि एकदा लेखी परीक्षेत. खेळाडूंच्या जागेतून ती बसली असती ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग तिचं लग्न झालं आणि नवराबायकोंनी चारोटीला हायवेलगत खानावळ टाकली. भाकरी, सुकट, डाळभात, ट्रकवाल्यांची गर्दी. ती मला भेटायला कधी आली नाही. पण दरवर्षी जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी दोन-तीन मुली माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, रंजूताईनं पाठवलंय. त्यातल्या दोघी पुढे राज्याकडून खेळल्या, एक आज तलासरीत शिक्षिका आहे. मी समजत होते, तिने मला माफ केलं. मनाला बरं वाटतं ते आपण लवकर समजून घेतो.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. ह्या मे महिन्यात माझा निरोप समारंभ झाला, हार, शाल, भाषणं सगळं झालं. दुसऱ्या दिवशी घरी जेवण होतं. आई आता पंच्याऐंशीकडे आली आहे, पण कान आणि आठवण दोन्ही शाबूत. माझी चुलतबहीण म्हणाली, ताई अजून किती तरतरीत आहेस, अठ्ठावन्न वाटत नाहीत. आई वाढता वाढता म्हणाली, अठ्ठावन्न कुठली, साठ झाली तिला.

सगळे हसले. आईचा हिशेब चुकला असं वाटून मीही हसले. आई मात्र हसली नाही. तिने डाळीचं भांडं खाली ठेवलं आणि साधेपणाने सांगितलं. बाबांची नेमणूक तलासरीच्या आतल्या भागात असताना मला हिवताप झाला, तो उलटून उलटून येत राहिला. मला दोन वर्षं आजोळी ठेवलं. परत आले तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबांनी स्वतःच्या शाळेत मला पहिलीत बसवलं आणि लहान मुलांत मोठी दिसू नये म्हणून तारीख दोन वर्षं पुढची घातली. पेन त्यांच्याच हातात होतं. आई म्हणाली, तुझ्या आजारपणाचं नाव काढलं की त्यांना त्रास व्हायचा, म्हणून हा विषय आम्ही घरात काढला नाही.

शाळेत असताना मला सगळे म्हणायचे, वयाच्या मानाने केवढी उंच! माझ्या पाच फूट नऊ इंच उंचीचं पुढेही कौतुक झालं, तो भाग खरा आहे, नवऱ्यापेक्षा दोन इंच जास्त आहे आणि त्याची त्याने कधी तक्रार केलेली नाही. पण शाळेतली उंची वयाच्या मानाने होती आणि वयच कमी लिहिलेलं होतं. बारावीत मी एकोणीस वर्षांखालच्या गटात राज्य पातळीवर खेळले. त्या प्रमाणपत्रावर मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तिथल्या खेळावर नोकरी मिळाली, आणि नोकरीच्या जोरावर मी लोकांच्या मुलींचे दाखले तपासले. हे मी इथे छापून देते आहे. कोणाला आक्षेप घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. अर्ज कसा लिहायचा हे माझ्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही.

आठ दिवस मी कुठे गेले नाही. मग एका सकाळी चारोटीला गेले. अकराचा सुमार असेल, जेवणाऱ्यांची गर्दी व्हायची होती. रंजना पीठ मळत होती, मला पाहून तिने हात धुतले. अंगाने भरली आहे, पण चालताना पाय अजून तसेच हलके पडतात. मी बाकावर बसले आणि सांगायला आले होते ते सांगून टाकलं. तुला ज्यासाठी बसवलं तेच माझ्या बाबतीत झालं होतं आणि मी खेळले. तुझं नुकसान मी केलं. आता भरून देता येण्यासारखं नाही, पण तुला कळायला हवं. बोलताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

रंजनाने ऐकून घेतलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, हे मला ठावं हाय, मॅडम.

सामना हरल्यावर चौथ्या दिवशी गुरुजी, म्हणजे माझे बाबा, पाड्यावर आले होते. एस.टी.ने येऊन पुढे चालत. तिच्या आईवडिलांसमोर त्यांनी हात जोडले आणि रंजनाला सांगितलं, की तुझी तारीख मी घातली तशीच माझ्या मुलीचीही मीच घातली, दोघींचीही दोन वर्षं कमी केली. तिला हे माहीत नाही, तिला सांगायचा धीर मला झाला नाही. तुला सांगायचं असेल तर सांग, कॉलेजात जाऊन सांग, साहेबाला सांग, तुझा तो हक्क आहे. चहासुद्धा न घेता ते परत गेले.

पंधरा वर्षं ही मुलगी ते घेऊन होती. मी कॉलेजात शिस्तीवर भाषणं देत होते तेव्हा, मला आदर्श क्रीडाशिक्षिका म्हणून शाल मिळाली तेव्हा, दर जूनमध्ये ती पोरी पाठवत होती तेव्हा. मी तिला विचारलं, तुला राग नाही आला?

"आला ना. लय आला. अजून हाय," ती म्हणाली. "म्हणून तर नाय सांगितलं. तेवढ्या रागात सांगितलं असतं तर तुमी त्याच दिवशी शिट्टी खाली ठेवली असती. मी ओळखते तुमाला. मंग आमच्या पाड्यातल्या पोरींना कोणी शिकवलं असतं?"

मी म्हटलं, आता तर ठेवलीच आहे, निवृत्त झाले मी. तिने ताटात भात वाढला, डाळ घातली, ताट माझ्यापुढे सरकवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"ते कागदावर," रंजना म्हणाली. "ह्या वर्षी तिघी पाठवल्यात मी. तुमी घरी बसावं म्हणून पंधरा वर्षं गप्प नाय रायली मी. जेवा, आणि उद्या सकाळी मैदानावर जा."